दोन तलंगांतली एक

आमच्या घरचा कोंबडा मागणाऱ्याला मिळायचा. तलंग मात्र कधीच नाही. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली, यायच्या बेतातली पोरसवदा कोंबडी. धावड्यात आणि भोवतालच्या गावांत हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे कोणी मागतही नसे. माझे सासरे रखमाजी म्हणायचे, “कोंबडा दिला तर एक पाखरू गेलं. तलंग दिली तर घर गेलं.”

कोंबड्या असील होत्या, झुंजीच्या जातीच्या. माझ्या आजेसासऱ्यांनी जालन्याच्या छावणीतल्या एका बुढ्या जमादाराची आजारी म्हैस जगवली आणि त्यानं खुशीनं एक जोडी दिली, तिचाच हा सगळा विस्तार. उंच, ताठ, अंगावर पिसं थोडी पण घट्ट बसलेली. वर्षाला अंडी फार तर तीस-चाळीस, खाणं मात्र दोन कोंबड्यांचं. सासूबाईंचं त्यावर एक ठरलेलं वाक्य होतं. “जावयाची जात हाय. खायाला पुढं, कामाला मागं.”

निवड वर्षातून एकदा व्हायची, चंपाषष्ठी झाल्यावर. आषाढात अंडी उबवायला ठेवायची, श्रावणात पिल्लं निघायची आणि मार्गशीर्षात ती चार महिन्यांची झाली की मामंजी ओसरीवर बसून एकेक हातात घ्यायचे. वंशाला ठेवायची ती ठेवायची. उरलेले नर लोकांना जायचे. उरलेली मादी जित्ती दाराबाहेर जात नसे. ती चुलीवर जायची. मी नवी सून होते तेव्हा विचारलं होतं, की सगळ्याच माद्या का ठेवत नाही? तेव्हा मामंजी म्हणाले, “चांगली अन् बरी एका खुराड्यात ठेवली का बघणाराची नजर बरीवर बसती. मंग चांगली कशी असती ते चार सालात कोनाला आठवत न्हाई.”

मी सांगते आहे ते फसली तेराशे सत्तेचाळीसच्या सालातलं, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे अडतीसच्या सुमाराचं. त्या उन्हाळ्यात गावात कोंबड्यांची मर आली. पाखरांच्या माना वाकड्या व्हायच्या, ती जागच्या जागी गोल फिरायची आणि दिवस मावळायच्या आत पडायची. आमच्या चौदातली दोन वाचली, एक थोरला कोंबडा आणि काजळी नावाची म्हातारी कोंबडी. काजळीनं आषाढात नऊ अंडी दिली आणि बसली ती बसलीच. पुन्हा अंड्यावर आली नाही. घरातला असिलाचा वंश आता त्या नऊ अंड्यांत होता.

असील कोंबडी अंगानं जड. उबवताना पायाखाली अंडी फोडते. म्हणून तिची अंडी गावठी खुडूक कोंबडीखाली ठेवायची चाल होती, आणि त्या वर्षी ते काम माझ्याकडे आलं. माझी गोजर तेव्हा आठ महिन्यांची. कडेवरून उतरवलं की ओठ काढायची. तिला एका हातानं धरून मी दुसऱ्या हातानं टोपल्यात भुसा पसरला, असिलाची अंडी ओळखू यावीत म्हणून प्रत्येकावर कोळशाची रेघ ओढली, आणि आषाढातल्या गडगडाटानं अंडी नासू नयेत म्हणून रीतीप्रमाणं टोपल्यात लोखंडाचा खिळा आणि कोळशाचा एक खडा ठेवला. बाकीच्या बायका रेघ गेरूची ओढतात. का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी कोंबडी दाणे टिपायला उठली तेव्हा मला ते कळलं. कोळशाचा खडा तिच्या पायाखाली फुटून भुगा झाला होता आणि टोपल्यातली सगळी अंडी सारखी काळी झाली होती. मोजली तर दहा. खुडूक बसल्यावर गावठी कोंबडीनं स्वतःचं एक घातलं होतं. कोणतं, ते ओळखायला मार्ग नव्हता. असिलाचं अंडं मोठं नसतं, आणि म्हातारीचं तर लहानच होतं.

सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. दहातली दोन-तीन वांझ निघतातच, त्यात ते जाईल, असं मनाशी धरलं. उशिरा घातलेलं अंडं उशिरा फुटतं, तेव्हा शेवटचं पिल्लू कोणतं ते पाहून ठेवू, असंही ठरवलं. पण नेमक्या त्याच दिवसांत गोजरला गोवर आला. चार दिवस मी तिला छातीशी घेऊन आतल्या खोलीत होते, दाराला घोंगडी लावून. तिच्या कानामागं पहिले ठिपके उठले होते तिथं मी सारखं बोट लावून पाहायची. दूध पिताना ती मधेच थांबून माझ्याकडं बघायची, जणू दुखतंय ते मीच करते आहे. पाचव्या दिवशी बाहेर आले तेव्हा अंगणात सहा पिल्लं आईमागं हिंडत होती, सगळी एका उंचीची. पहिलं कोणतं आणि शेवटचं कोणतं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्यातलं एक घारीनं नेलं, एक मुंगसानं. राहिले दोन नर आणि दोन माद्या.

भादव्यापासून मामंजींनी एक नवीनच सुरू केलं. ओसरीवर पिल्लू मांडीवर घेऊन बसायचे आणि मला हाक मारायचे.

“सूनबाई, ही पायाची नळी बघ. कशी हाय?”

“पिवळी, मामंजी.”

“निस्ती पिवळी? का हळदीवानी?”

“न्हाई, कच्च्या लिंबावानी. वर जरा पांढुरकी.”

“बराबर. अन् नखं?”

“पांढरी.”

“बराबर.”

मला वाटायचं, मला शिकवताहेत. आणि मला ते आवडायचं. गोजर झाली तेव्हा गल्लीतल्या बायका तोंड बारीक करून आल्या होत्या. मामंजी एकटेच गूळ घेऊन आले. “नर काय, मागून आणता येतो,” ते म्हणाले होते, “घर मादीत ऱ्हातं.” त्यावर सासूबाई आतून ओरडल्या होत्या, “नातीला कोंबड्यांच्या ओळीत नका बसवू!” तर अशा माणसानं मला त्याची विद्या द्यावी, यात मला थोडा ताठाही आला होता. एका हातानं पोर, एका हातानं पिल्लू, आणि मी रंग सांगते आहे.

चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या उन्हात, निवड झाली. नरांचं लगेच उरकलं. मग दोन तलंगा. निवड होईपर्यंत पिल्लांना नाव ठेवत नसत. आम्ही नुसतं मोठी आणि बारकी म्हणायचो. मामंजींनी मोठीला उचललं. छातीचं हाड बोटानं चाचपलं, पंखाखाली हात घातला, डोक्यावरचा चपटा तुरा अंगठ्यानं दाबून पाहिला, त्याच्या तीन धारा मोजल्या. तळहातावर तिला तोललं आणि त्यांचं तोंड सैल झालं.

“ह्याला म्हन्त्यात अंग,” ते म्हणाले. “दगड हाय दगड. सोनू, हात लावून बघ.”

सोनू म्हणजे सासूबाई. त्या सुपात बाजरी पाखडत होत्या. “मला नका सांगू. चाळीस वर्सं कोंबड्या पारखून घेतल्या, अन् बायको न बघताच केली.”

“म्हणूनच बरी निघाली.”

“बरी? मंग चुलीवर घाला मला.”

मामंजी हसले. बारकीला त्यांनी थोडा वेळच हातात घेतलं. “हलकी हाय. हाड बरं हाय, पण भरली न्हाई.” त्यांनी कनवटीचा लाल दोरा काढून मोठीच्या पायाला बांधला. “हीच. हिच्या पोटी पुढचं घर.”

मोठीला खुराड्यात सोडायला म्हणून मी घेतलं, आणि उन्हाची तिरीप तिच्या डोळ्यावर पडली. डोळा शेंदरी होता.

असिलाचा डोळा चांदीचा असतो. पिल्लू लहान असताना सगळ्यांचेच डोळे मळकट. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात खऱ्या पाखराचा डोळा निवळत जातो, आणि भेसळीचा तांबूस होतो. हे मला मामंजींनीच पहिल्या वर्षी सांगितलं होतं, एका मेलेल्या कोंबडीची पापणी उघडून. मी बारकीला धरून पाहिलं. चांदी, कडेला अगदी पुसटशी निळी झाक. आठ दिवसांपूर्वी मोठीच्या डोळ्याला लाली दिसली तेव्हा मी मनाला म्हणाले होते, अजून निवळेल. ती निवळली नव्हती. दहावं अंडं मोठीचं होतं. तिचा बाप आमचा थोरलाच, म्हणून तुरा बराबर चपटा. पण आई गावठी, म्हणून अंग लवकर भरलं होतं. असील सावकाश वाढतं. मामंजींच्या हाताला जे दगडासारखं लागलं ते गावठी रक्त होतं.

मी परत ओसरीवर आले. “मामंजी, हिचा डोळा बघितला का?”

त्यांचा हात मांडीवर थांबला. “बघितला की.”

“जरा उन्हात बघा.”

त्यांनी मोठीला माझ्याकडून घेतलं, उन्हाकडं वर धरलं, आणि मान एका अंगाला करून बराच वेळ पाहिलं. मोठीनं तोवर मान पार पाठीमागं वळवून चोच पिसांत खुपसली होती. मामंजी तिच्या मानेकडं बघत होते.

“चांदी हाय,” ते म्हणाले. “बिलकुल चांदी.”

कच्चं लिंबू, पांढरी नखं, तीन महिन्यांची सगळी उत्तरं माझ्या डोक्यात एकदम उलटी फिरली. ते मला शिकवत नव्हते. त्यांना दिसत नव्हतं, आणि ते माझ्या डोळ्यांनी बघत होते. फक्त डोळ्याचा रंग त्यांनी कधी विचारला नव्हता. तो विचारायची वेळ आली तेव्हा हाताला वजन सापडलं होतं, आणि वजनावर त्यांनी भिस्त ठेवली.

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं आणि मला डोळ्यांनी स्वयंपाकघरात बोलावलं.

“रंगपंचमीपासून,” त्या हळू म्हणाल्या. “डोळ्यांत सारा उतरलाय, समदं धुरकट दिसतं. म्या जेवाया वाढताना म्हन्ते का न्हाई, मीठ डाव्या अंगाला हाय, चटनी पलीकडं हाय? तुझ्या ध्यानात आलं न्हाई?”

मी ते रोज ऐकत होते. मला वाटायचं, नवऱ्याचं कौतुक आहे.

मग मीही माझं सांगितलं. कोळशाची रेघ, दहा अंडी, गोवर, सगळं. सासूबाई ऐकत राहिल्या. परात ओढून त्यांनी पीठ मळायला घेतलं होतं, ते हात थांबले नाहीत.

“म्हंजी तू बी झाकलंस अन् म्या बी झाकलं.”

“आत्याबाई, परवा बारकी कापतील. मंग कुणीच उरत न्हाई.”

“कोंबडीच हाय ती.”

“चाळीस वर्सं—”

“चाळीस वर्सं मीच शेण काढलंय त्यांचं, मला नको सांगू.” त्यांनी पिठाचा गोळा परातीत आपटला. “धर्मराज येनार परवा. त्याच्यापुढं ह्यांची आब जायाची. डोळं गेलं म्हनून कळलं तर उद्या शेत कोन बघतो, बैल कोन पारखतो, समदं निघंल. तू तोंड मिटून ऱ्हा.”

भोकरदनचे धर्मराज दरसाल निवड पाहायला यायचे. त्यांच्याकडेही असील होते. ते एक नर न्यायचे, एक आणायचे, म्हणजे रक्त फिरतं राहतं. आणि निवडीत न बसलेली तलंग त्यांच्याच पानात पडायची. धर्मराजांना लाल डोळा दहा हातांवरून दिसला असता. ते शहाणे होते, गप्प बसले असते. आणि बारकी खाऊन, मिशा पुसून परत गेले असते.

ते आले सकाळीच, बगलेत झाकलेला कोंबडा घेऊन. अंगणातूनच ओरडले, “काय रखमाजीभाऊ, औंदा कोंबडी हाय का निस्ता रस्सा?”

“रस्सा तर हायेच,” मामंजी म्हणाले. “तुमी दात आनले का घरीच ठिवले?”

“दात हायेत, पन कोंबडी चावली पायजे ना भाऊ! मागच्या सालची माझ्याशी लढली.”

पाणी झालं, चहा झाला. मी आत गोजरला पाजत होते. ती झोपेला आली होती. तोंडातून सुटलेलं पुन्हा धरायची, पुन्हा सोडायची. तिचा हात माझ्या गळ्याच्या काळ्या पोतीत अडकला होता, तो मी एकेक बोट करून सोडवला. बाहेरून हाक आली.

“सूनबाई! निवडलेली घेऊन ये.”

खुराड्यापाशी मी किती वेळ उभी राहिले ते आठवत नाही, पण फार नसेल. मोठीचा दोरा सोडून बारकीला बांधावा, हेही मनात येऊन गेलं. ते मी केलं नाही. ज्याला दिसत नाही त्याला दोऱ्यानं फसवणं मला जमलं नसतं, आणि त्याच्या हाताला ते पटलंही नसतं. मी बारकीला, तशीच बिनदोऱ्याची, उचललं आणि मामंजींच्या हातांत दिलं.

त्यांना कळलं. वजन तळहाताला लागलं त्याच क्षणी त्यांचा चेहरा आवळला. बोटं पायाकडं गेली, दोरा शोधून रिकामी वर आली.

धर्मराज पुढं वाकले होते. “अरारा! काय डोळा हाय, भाऊ! चांदीचा रुपाया. मर येऊन बी असं पाखरू राखलं तुमी?”

मामंजींची बोटं बारकीच्या छातीच्या हाडावरून हळूहळू खाली आली, परत वर गेली. त्यांनी ‘हो’ म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं.

“ही माझी निवड न्हाई, धर्मराज,” ते म्हणाले. “म्या दुसरी निवडल्ती.” मग माझ्या दिशेनं, जरा चुकून भिंतीकडं, तोंड करून त्यांनी विचारलं, “सूनबाई, तिचा डोळा कसा हाय?”

“तांबडा, मामंजी.”

“कशानं?”

मी सांगितलं. पाहुण्यासमोर, पदर डोक्यावर ओढून, रेघ कोळशाची काढली इथपासून दहावं अंडं मोजलं इथपर्यंत. सांगताना आवाज बारीक होत गेला.

“धा अंडी झाल्ती,” मामंजी म्हणाले, “अन् तू चार महिने बोलली न्हाईस?” त्यांचा आवाज चढला. “वंश म्हंजी काय खेळ वाटला तुला? चार महिने!”

दारातून सासूबाई बाहेर आल्या. पिठाचे हात तसेच. “तिनं चार महिने झाकलं. तुमी किती झाकलं ते बी सांगा की पाव्हन्याला.”

धर्मराजांनी आपल्या कोंबड्याकडं पाहायला सुरुवात केली. त्या कोंबड्यात एकाएकी पाहण्यासारखं बरंच निघालं असावं.

“म्या रंगपंचमीपासून,” शेवटी मामंजी म्हणाले. “साडेआठ-नऊ महिने. तुज्यापरीस जास्तच.” मग धर्मराजांना म्हणाले, “मला दिसत न्हाई, धर्मराज. उजेड कळतो. मानूस आला-गेला कळतो. पाखराचा डोळा कळत न्हाई.”

“माझ्या बापाचं बी तसंच झाल्तं,” धर्मराज म्हणाले. मग म्हणाले, “चहा चांगला व्हता.”

मोठीला आणवलं. मामंजींनी तिच्या पायाचा दोरा स्वतः सोडला. बारकीला बांधताना गाठ पहिल्यांदा निसटली, दुसऱ्यांदा बोटच बांधलं गेलं, तिसऱ्यांदा बसली. आम्ही तिघं बघत होतो. मदत करायला कोणी पुढं गेलं नाही, आणि ते बरंच झालं. मग त्यांनी हाक मारून माझ्या मालकांना, मच्छिंद्रला, मोठी कापून आणायला मुलाण्याकडं पिटाळलं.

दुपारी मोठी पानात आली. मी तिला चार महिने दाणे घातले होते. मी फक्त रस्सा घेतला. मटण भरलेलं होतं, मऊ होतं. धर्मराजांनी दोनदा मागून घेतलं. “भाऊ,” ते हाड चोखत म्हणाले, “निवड चुकली असंल, पन वजन बराबर व्हतं.”

“हात खोटं बोलत न्हाई,” मामंजी म्हणाले. “त्याला जेवढं इचारलं तेवढंच सांगतो.”

“मीठ डाव्या अंगाला हाय,” सासूबाई म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या हे मोठ्यानं म्हणू लागल्या.

माझ्याशी मामंजी आठ दिवस बोलले नाहीत. सांगायचं ते गोजरला सांगायचे. “तुज्या आईला म्हनावं पानी ठिव.” गोजर त्यांच्या मिशा ओढायची. नवव्या दिवशी त्यांनी सरळ हाक मारली, ती बारकीसाठी. ती शिंकली होती.

बारकी फाल्गुनात अंड्यावर आली, असिलाच्या मानानंही उशिरा. पुढच्या आषाढात तिची अकरा अंडी मी गेरूच्या रेघा ओढून ठेवली आणि रोज मोजली. मार्गशीर्षात ओसरीवर आम्ही दोघं बसलो. मामंजी हातात घेऊन अंग सांगायचे, मी उजेडात धरून डोळा, नळी, रंग सांगायची. दोघांचं जमलं की ठेवायचं. माद्यांचं सगळं जमलं. एका नरावरून अडलं. ते म्हणाले, छातीला पोकळ आहे, देऊन टाक. मी हट्ट धरला. तसा डोळा मी पाहिला नव्हता, पाण्यात चांदणं पडावं तसा. त्यांनी माझं ऐकलं.

तो नर मोठा झाला आणि भित्रा निघाला. शेजारच्या गावठी कोंबड्यानं नुसती मान ताठ केली तरी हा कुडावरून पलीकडं. सगळ्या गल्लीनं पाहिलं.

“डोळा तर चांगला व्हता, मामंजी,” मी म्हणाले.

“चांगला व्हताच,” ते म्हणाले. “म्हणून तर त्याला समदं लांबूनच दिसायचं.”